सहा खोल्यांची हमी

९ जानेवारी

मावशी,

परवा फोनवर मी तुला पुन्हा चौकोनाचौकोनांची दिसायला लागले, तू चिडलीस आणि फोन टेबलावर उपडा ठेवून निघून गेलीस. पुढची दहा मिनिटं मला नुसता काळोख दिसत होता. तो मात्र अगदी स्वच्छ येत होता हं, एक तुकडा पडला नाही.

हसू नकोस, माझं सगळं काम त्या काळोखाभोवतीच आहे. फोन दर वेळी आख्खं चित्र पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतो. काळोखात काहीच बदलत नाही, म्हणून पाठवायलाही काही नसतं. बातम्या देणारा माणूस ओठ आणि फार तर मान हलवतो, त्याचं थोडक्यात भागतं. तू खुणांनी बोलायला लागलीस की हात, कोपर, खांदे, वेणी सगळंच बदलतं आणि एका क्षणात दहापट माल लाईनवर येऊन पडतो. लाईन तेवढी रुंद नसते. मग चौकोन.

आता कामाचं. नदीपलीकडचा जो नवा दवाखाना आहे ना, तिथे खुणांची भाषा येणारं कुणी नाही. आमच्या प्रयोगशाळेकडे काम आलंय. तिथल्या खोल्यांत पडदे लावायचे, ऐकू न येणारा पेशंट पडद्यासमोर बसेल, आणि इकडे मोठ्या इस्पितळात बसलेली दुभाषी त्याचं म्हणणं तिथल्या डॉक्टरांना बोलून सांगेल. मधली लाईन एकच आहे आणि अरुंद आहे. तिच्यावर एका वेळी किती खोल्या चालवायच्या हे मी ठरवायचं, आणि जेवढ्या चालतील तेवढ्यांचं चित्र तुटणार नाही याची हमी द्यायची. हमी म्हणजे हमी, ‘बहुतेक चालेल’ नाही. पेशंट ‘उजवीकडे’ म्हणतोय आणि चित्र तुटलं तर?

माझ्याकडे मोजायला फक्त बातम्या देणाऱ्यांच्या चित्रफिती आहेत. मला खुणांनी बोलणारी माणसं हवीत. तुझं शनिवारचं मंडळ दे मला. अर्ध्या अर्ध्या तासाच्या बारा फिती पुरे. हात जोरात हलले की लाईन तुंबते, ते नेमकं किती हे मोजायचंय.

करशील ना? आई म्हणते मी ‘आई’ हा शब्द तोंडाने म्हणायच्या आधी हाताने म्हटला होता, आणि तो तू शिकवलास. तेव्हा हे सगळं तुझ्यामुळेच सुरू झालंय, आता पळून जायचं नाही.

तुझी भिंगरी

---

१७ जानेवारी

भिंगरे,

पत्र पोचलं. पत्रात चौकोन पडत नाहीत, म्हणून मी पत्रच लिहिते. तुझी आई मला अजून सांगते की ताई, जग कुठे गेलं आणि तू पाकिटं चिकटवतेस. तिला म्हणावं, बाइंडिंगच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, खळ आणि कागद हाताशी आहेत, पाकीट चिकटवायला मला काय वेळ लागतो?

तुझं म्हणणं मी तीनदा वाचलं. दोनदा डोक्यावरून गेलं, तिसऱ्यांदा खांद्यापर्यंत आलं. म्हणजे आम्ही बोललो की तुझी लाईन तुंबते. बरं.

मंडळ तयार आहे. टिकटिक येईल. घड्याळं दुरुस्त करतो म्हणून टिकटिक. आम्ही मनगटावर दोन टिचक्या मारल्या की तो वळतो. भुवई येईल, ती अर्धं भुवयांनीच बोलते. वकील येईल. वकील शिंपी आहे, पण कोर्टात उभा केला तर न्यायाधीश रजा मागेल. बारावी मी, आणि बाकीचे आठ तू लहानपणी पाहिले आहेस, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर तू झोपलेली आहेस.

तू दवाखान्याचं लिहिलंस ते मी टिकटिकला सांगितलं. त्याला गेल्या वर्षापासून चक्कर येते. भिंग डोळ्याला लावून बसला की टेबल फिरतं म्हणतो. डॉक्टरकडे गेला की डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, आणि टिकटिकचं वाचणं आपलं यथातथाच, शाळेने त्याला दुसरीतच सोडलं. तो मान डोलावतो, गोळ्या घेतो, येतो घरी. मी एकदा बरोबर जाते म्हटलं तर म्हणाला, बाईमाणसासमोर शर्ट काढू का? तर तुझा तो पडदा त्याला हवाय. रोज विचारतो, लागला का.

फिती पाठवते. काळजी करू नकोस, तुझं गणित आमच्यामुळे अडणार नाही.

मावशी

---

२० फेब्रुवारी

मावशी, माझी सोन्यासारखी मावशी,

फिती मिळाल्या! बाराच्या बारा, आणि काय सुरेख! मी महिनाभर धास्ती घेऊन बसले होते. खुणांच्या बोलण्याचा आलेख म्हणजे नुसते डोंगर असतील, एकाला धरावं तर दुसरा सुटेल, असं वाटत होतं. आणि निघालं काय? टेकड्या. बुटक्या, गोल, अंतराअंतरावर टेकड्या. एक जण बोलतो, हात टेबलावर ठेवतो, मग दुसरा बोलतो. मला आख्खं वर्णन एका पानात बसवता आलं.

ते कसं, ते सांगते. समज, लाईनवर माल पाठवायचा तर परवान्याची चकती लागते. प्रत्येक खोलीला एक बादली द्यायची. तिच्यात ठरावीक वेगाने चकत्या पडत राहतात. खोली गप्प असेल तर बादली भरते. कुणी एकदम जोरात बोललं तर भरलेली बादली एका झटक्यात वापरता येते, पण मग पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. म्हणजे आकडे दोनच, चकत्या पडायचा वेग आणि बादलीचा आकार. खोलीने आधी हे दोन आकडे कबूल करायचे, लाईनने त्यावर हमी द्यायची. कबुलीपेक्षा जास्त माल आला तर लाईन तो सरळ टाकून देते. इतरांवर अन्याय नको म्हणून.

तुमच्या फितींवरून आकडे काढले, तर बादली छोटी पुरते. आणि लाईनवर सहा खोल्या बसतात! इस्पितळाच्या समितीने चार मागितल्या होत्या. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी माझं पान दोनदा वाचलं आणि ‘हं’ म्हणाले. आमच्या सरांचा ‘हं’ म्हणजे इतरांचा हार आणि नारळ. प्रबंधाचं दुसरं प्रकरण याच्यावरच होईल.

एक गंमत वाटली. भुवई इतकी शांत कधीपासून झाली? आणि तू? तुझ्या कोपराचा माझ्या नाकाला बसलेला फटका मला अजून आठवतो, आणि इथे तू अशी बोलतेस की जणू मांडीवर मांजर झोपलंय. वयाने निवलीस वाटतं.

१० एप्रिलला चाचणी आहे. सहाही खोल्या एकदम, खरे डॉक्टर, खरे पेशंट. टिकटिकला पाचव्या खोलीत बसवते.

तुझी भिंगरी

---

२ मार्च

भिंगरे,

सहा ऐकून फार बरं वाटलं. मंडळात सांगितलं, सगळ्यांनी हात वर करून हलवले, तुझ्यासाठी टाळ्या.

वयाचं म्हणशील तर हो, माणूस निवतंच. तू आपलं सरांचं ऐक आणि वेळेवर जेव. सध्या कारखान्यात शाळेच्या वह्यांचं काम आलंय, घडी घातलेल्या कागदांचे फर्मे मोजता मोजता बोटं दुखतात, म्हणून आज थोडकंच लिहिते.

टिकटिक नवीन शर्ट शिवून घेतोय. वकिलाने माप घेतलं, चार दिवस भांडण चाललंय कॉलरवरून.

मावशी

---

१४ एप्रिल

मावशी,

तू चाचणीनंतर माझी वाट न बघता टिकटिकला घेऊन निघून गेलीस, त्याचा मला राग नाही. मीच बाहेर यायला हवं होतं. मी आत यंत्राजवळ बसून रडत होते.

तू बाकावर होतीस, तुला आतलं दिसलं नसेल, म्हणून लिहिते. पहिली दहा मिनिटं सगळं ठीक होतं. सगळे अंग चोरून, नवरदेवासारखे बसले होते. मग पाचव्या खोलीत दुभाषीने विचारलं, नेमकं काय होतं तुम्हाला? टिकटिकने चक्कर कशी येते ते दाखवायला सुरुवात केली. टेबल फिरतं, भिंत फिरते, भिंग हातातून निसटतं. दोन्ही हात डोक्याभोवती गरगर, आणि चित्राचे तुकडे तुकडे. बादली रिकामी, लाईनने उरलेलं टाकून दिलं. दुभाषी म्हणाली, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, जास्त जोरात, कारण समोरच्याला कळलं नाही की आपण जोरातच सांगतो. पुन्हा तुकडे. तिसऱ्यांदा ती म्हणाली, माफ करा, पुन्हा एकदा. तेव्हा त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. मग एका हाताने ‘ठीक आहे’ म्हणाला आणि उठला. मावशी, मी काचेतून बघत होते. नवीन शर्टाची कॉलर नीट करत तो दाराबाहेर गेला.

पाठोपाठ दुसरी आणि तिसरी खोलीही तशीच गेली.

कुठे चुकलं मला कळत नाही. तारा तपासल्या, यंत्रं बदलली, गणित तीनदा केलं. गणित बरोबर आहे! तुमच्या फिती घालून बघितल्या की सहाही खोल्या लोण्यासारख्या चालतात. खरी माणसं बसवली की कोसळतं. समितीची बैठक २२ मे रोजी आहे. तोवर कारण सापडलं नाही तर लाईन एक्स-रे विभागाला देऊन टाकणार, त्यांना मोठी चित्रं पाठवायची असतात. पडदे निघतील. पुन्हा चिठ्ठी आणि पेन्सिल.

टिकटिक कसा आहे? त्याला म्हणावं, चूक त्याची नव्हती.

तुझी
भिंगरी

---

२१ एप्रिल

बाळ,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता पाचव्यांदा, आणि हे पाठवणार.

तुझी चूक नाही. तारांची नाही, यंत्रांची नाही. माझी आहे.

तू लिहिलंस की हात जोरात हलले की लाईन तुंबते. मी मनात म्हटलं, पोरीचं सगळं आयुष्य या कामावर आहे, आणि आम्ही बारा राक्षस जाऊन तिची लाईन तुंबवणार? मग मी मंडळाला बोलावलं आणि बजावलं. कोपरं अंगाला लावून ठेवायची. एका वेळी एकानेच बोलायचं. हसायचं नाही. फुलाफुलांचे कपडे नकोत. वाक्य संपलं की हात टेबलावर. आणि भुवईला सांगितलं, कपाळ हललं तर याद राख. दोन दिवस आम्ही तालीम केली गं. वकील म्हणाला, हे खोटं आहे, हा पुरावा टिकायचा नाही. मी त्याला म्हटलं, तू शिंपी आहेस, गप बस. आणि मग अळीमिळी गुपचिळी.

तू आलेख बघून नाचलीस, तेव्हाच मला सांगायला हवं होतं. तू ‘निवलीस वाटतं’ लिहिलंस तेव्हा खरं लिहायला मी कागदही ओढला होता. पण सहा खोल्या, सरांचा ‘हं’, हे सगळं वाचून मी गप्प बसले. वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. उगीच वह्यांच्या कामाचं निमित्त केलं.

अजून एक सांगते, सबब म्हणून नाही. आमच्या शाळेत आम्हाला हातांवर बसवायचे. खरंच, मांड्यांखाली हात घालून. ओठांनी बोला म्हणायचे. ज्यांना ऐकू येतं ती माणसं बघायला लागली की माझे हात अजून आपोआप लहान होतात. तू समोर असलीस की होत नाहीत, म्हणून तुला माहीत नाही. तू पाठवलेला तो कॅमेरा तिपाईवर बसून आमच्याकडे बघत होता, आणि आम्ही बाराही जण पुन्हा शाळेत गेलो. कुणाला फार सांगावं लागलंच नाही.

टिकटिक दुकान उघडतो, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाही. म्हणतो, मला चक्कर येत नाही. परवा भिंग पडून फुटलं.

मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन असं म्हणणार होते, पण तेवढं जमणार नाही. वाचून घेईन.

मावशी

---

२५ एप्रिल

मावशी,

मी चिडले आहे. खूप. दोन आठवडे मी जमिनीवर आडवी पडून तारा तपासल्या, आणि कारण तुझ्या कोपरात होतं. कुणाला सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आता पुढचं.

तुझ्या फितींकडे मी ज्या डोळ्यांनी बघितलं ते डोळे कुठे गहाण पडले होते? तुझ्या मांडीवर बसून मी बोलायला शिकले. भुवईचं कपाळ हलत नाही, वकील दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो, हे जगात कुठे घडलंय? मला दिसलं, गंमत वाटली, आणि मी पुढे गेले, कारण आकडे छान होते. एक प्रश्न विचारला असता तर तू दोन मिनिटांत कबूल झाली असतीस. तुला खोटं कुठे नीट येतं? मला विचारायचंच नव्हतं.

आणि हातांवर बसवायचे हे तू मला तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस. ते वाचून मी तुझ्यावर चिडायचं विसरले, नंतर आठवून पुन्हा चिडले.

आता ऐक. २२ मे पर्यंत मला नव्या फिती हव्यात. बाराही. हमी कबुलीवर उभी असते, कबुली कमी दिली तर लाईन बिचारी काय करणार? म्हणून या वेळी भांडा. खरं भांडा. कोपरं सोडा, फुलाफुलांचे कपडे घाला, एकमेकांच्या तोंडासमोर हात नाचवा. कॅमेरा चालू आहे हे सगळ्यांना सांगून, सगळ्यांची हरकत नसेल तरच. पण खोटं भांडण पाठवलंस तर मला ओळखू येईल. आता येईल.

भिंगरी

---

६ मे

भिंगरे,

सोबत फिती. नीट धरून उघड, गरम असतील.

पहिला शनिवार फुकट गेला. ‘भांडा’ म्हटलं की कुणाला भांडता येतं का? भुवई म्हणाली, आपण पाण्याच्या टाकीवरून भांडू. वकील म्हणाला, टाकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी सुचवलं, ज्याच्या त्याच्या मनात जे शिल्लक आहे ते काढा. आणि टिकटिक, जो चाचणीपासून धड बोलत नव्हता, तो उठला आणि मला म्हणाला, तू मला फसवलंस. तू आम्हाला हळू बोलायला शिकवलंस आणि तिथे त्या खोलीत मला एकट्याला खरं बोलायला पाठवलंस. तिथे त्या बाईला माझं बोलणं कळेना, तेव्हा मला वाटलं माझेच हात बिघडले, म्हातारपणाने. मी घरी येऊन आरशासमोर बोलून बघितलं.

मी म्हटलं, मला क्षमा कर. तो म्हणाला, क्षमा कसली मागतेस, भांड! भांडायला बोलावलंयस ना? मग मी भांडले. मी म्हटलं, आणि तू? वर्षभर चक्कर येते तर माझ्यासोबत यायला तुला शर्टाची लाज वाटते? यावर वकील मध्ये पडला, भुवई वकिलावर तुटून पडली, आणि मग कुणाला कॅमेऱ्याची आठवण राहिली नाही. सहलीच्या बसने भुवईला मागे सोडलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, तेही निघालं. टेबलावरची बाटली पडली, ती तुला तिसऱ्या फितीत दिसेल. शेवटी टिकटिक हसायला लागला आणि खुर्चीवरून घसरला. त्यात चक्कर किती आणि हसू किती, मला सांगता येणार नाही, म्हणून मी घाबरले आहे. लवकर कर काय ते.

मावशी

---

२४ मे

मावशी,

बैठक झाली. आधी निकाल, मग बाकीचं. खोल्या तीन.

तुमच्या नव्या फितींचे आलेख मी पडद्यावर लावले तेव्हा सर खुर्चीतून उठून जवळ आले. टेकड्या नाहीत, कडे आहेत, सरळ उभे. पूर्वीच्या सहापट. बादली मोठी करावी लागली, वेग वाढवावा लागला, आणि मग लाईनवर तीनच खोल्या बसतात. चौथी बसवायला मी पंधरा दिवस झटले. बसत नाही. बसते म्हणून सांगता आलं असतं, शंभरातल्या नव्वद वेळा चाललीही असती. पण उरलेल्या दहा वेळा कुणीतरी हात गुडघ्यावर ठेवून उठून गेलं असतं.

मी समितीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, सहा म्हटलं होतं ते चूक होतं. माझी चूक, नमुना नैसर्गिक नव्हता आणि मी तो तपासला नाही. तुझं नाव घेतलं नाही, कारण तपासायचं काम माझं होतं. एक सदस्य म्हणाले, साधा उपाय आहे. खोलीत पाटी लावा, ‘कृपया हात सावकाश हलवा’. मग सहा चालतील ना?

मावशी, माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. पण आवाज चढवला नाही. म्हटलं, तुमच्या पोटात कळ आली तर तुम्ही सावकाश ओरडाल का? आणि त्यांना दोन्ही फिती शेजारी शेजारी दाखवल्या, जानेवारीचा टिकटिक आणि मेमधला टिकटिक. आवाज नाही, काही नाही. नुसते हात. कुणालाच खुणा येत नव्हत्या, तरी फरक कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मग सर म्हणाले, तीन. हमीसकट तीन. एक्स-रेवाले रागावलेत, पेशंटना रांग लावावी लागेल, आणि माझं दुसरं प्रकरण पहिल्यापासून लिहायचंय. वर्ष तरी जाईल. वाईट वाटतंय, लपवत नाही. माझ्याबरोबरच्या मुली ऑक्टोबरमध्ये काळे झगे घालून फोटो काढतील आणि मी बादल्या मोजत बसेन.

पण काल तिन्ही खोल्यांत तीन भांडखोर बसवून तासभर चाचणी घेतली. एकही तुकडा पडला नाही. एकही नाही, मावशी.

टिकटिकला आणशील? मी विचारत नाही, विनवते आहे.

तुझी भिंगरी

---

३ जुलै

भिंगरे,

वर्ष गेलं तर जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. गेलं ते तुझं गेलं, आणि त्यातलं निम्मं माझ्यामुळे. मला त्याचं फार लागलंय. प्रबंध होईल तेव्हा तो मी बांधणार, हाताने शिवून, आणि तो उघडला की पान सपाट पडेल, बंद व्हायला बघणार नाही. त्याहून जास्त भरपाई माझ्याकडे नाही.

आता काल काय झालं ते ऐक. टिकटिक मला म्हणाला, तू बरोबर येत असशील तर येतो. शर्टाचं काय विचारलं, तर म्हणाला, तू भिंतीकडे बघ. मंडळातले सगळेच निघाले, कुणाचा गुडघा, कुणाचे डोळे. एकदम बाराही जणांना आपापली दुखणी आठवली. खोल्या तीन, म्हणून बाहेर बाकावर ही रांग. वकील पोचल्यापासून कुरकुरत होता की सहा केल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

टिकटिकसोबत मी आत बसले, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मग थोडीशी वळले, खोटं कशाला बोलू. आधी तो कोपरं अंगाला लावूनच बोलत होता. डॉक्टर विचारतात, पडद्यावरची लांब बोटांची दुभाषी खुणांनी सांगते, हा ‘हो’, ‘नाही’. मग चक्करेचा प्रश्न आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि हात वर घेतले. टेबल फिरलं, भिंत फिरली, भिंग निसटलं. दुभाषी डोळ्याची पापणी न हलवता बघत होती. त्याचं संपल्यावर ती ‘पुन्हा सांगा’ म्हणाली नाही. तोंडाने डॉक्टरांना सांगायला लागली. टिकटिकचे हात तसेच हवेत राहिले, पुन्हा सांगायला तयार. खाली घ्यायचे असतात हे त्याच्या लक्षातच येईना.

निघालं ते असं. दोन गोळ्या, दोन्ही रक्तदाबाच्या, दोन वेगळ्या दवाखान्यांतून. त्याने मान डोलावून दोन्ही घेतल्या आणि वर्षभर दोन्ही एकदम घेत होता, म्हणून दाब उतरून चक्कर यायची. डॉक्टरांनी एक बंद केली आणि दर आठवड्याला दाब तपासायला यायला सांगितलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, अजून काही सांगायचंय? मी माझी पिशवी उचलली. हा प्रश्न आम्हाला लोक शेवटी विचारतात आणि आम्ही मान हलवून निघतो, ही रीत आहे. पण टिकटिकने बाह्या दुमडल्या, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि म्हणाला, आहे. बरंच आहे. सुरुवातीपासून सांगू ना?

दुभाषी हसली. डॉक्टर उठले होते ते पुन्हा बसले.

अर्ध्या तासाने वकिलाने दार ढकललं, आत डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी विचारलं, अरे एवढा वेळ आत चाललंय तरी काय?

मी त्याला सांगितलं, टिकटिक बोलतोय.

त्याने बघितलं, दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसला.

मावशी